पंगतीतला प्रविण

तृप्तीने चित्रावरचं जुनं लुगडं ओढून काढलं आणि ती बाजूला होऊन भिंतीला टेकली. बैठकीतला दिवाण बाहेर काढून चित्र तिथे उभं केलं होतं. ते इतकं लांब होतं की आतल्या दाराची अर्धी वाट त्याने अडवली होती आणि स्वयंपाकघरातून यायचं तर अंग चोरून यावं लागत होतं.

बुद्धपौर्णिमेला चिखल्याच्या विहारालगतची वाचनखोली उघडायची होती. तिच्या मोठ्या भिंतीवर वस्तीतल्या माणसांचं चित्र लावावं असं विहार समितीत ठरलं, आणि काम तृप्तीला मिळालं. नागपुरात चित्रकला शिकून आलेली दुसरी पोरगी गावात नव्हतीच. तरी समितीचा अध्यक्ष तिचा बाप प्रफुल्ल, म्हणून त्याने ठराव होताना कोणाची हरकत नाही ना, हे दोनदा विचारून घेतलं होतं. तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाचं सगळं असंच असतं. आणि म्हणूनच समितीने पाहण्याआधी घरच्यांनी पाहावं, काही चुकलंमाकलं असेल तर दुरुस्त व्हावं, असं त्यानेच सुचवलं. त्यासाठी आज रविवारी तुमसरहून त्याची धाकटी बहीण चंद्रकांता आणि तिचा नवरा बाबुलाल आले होते. प्रफुल्लची आई सत्यभामाबाई खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या. हर्षा, प्रफुल्लची बायको, ओले हात पदराला पुसत दारात उभी होती.

पहिल्यांदा सगळे खूश झाले, हे खरं. चित्रात त्यांचंच अंगण होतं. कडूनिंबाखाली दुपारची पंगत बसलेली. पितळेच्या ताटांत भात आणि लाखोळीची डाळ, बाजूला कांदा. बादलीला गेलेला पोचाही तृप्तीने सोडला नव्हता. सगळं इतकं जसंच्या तसं की भाताची वाफ हाताला लागेल असं वाटावं. मात्र पंगतीखालची जमीन कापून काढल्यासारखी उघडी होती, आणि खाली खाण दिसत होती. एकाखाली एक बोगदे, त्यांतून डोक्यावरच्या बत्त्या लावून चाललेली माणसं, आणि निंबाची मुळं थेट त्यांच्या खांद्यांपर्यंत आलेली. वर पंगतीत सुखराम बसला होता, प्रफुल्लचा बाप. खरा सुखराम जाऊन बारा वर्षं झाली, पण चित्रातला जेमतेम तिशीचा होता. पाळी संपवून तसाच जेवायला बसलेला, मँगनीजच्या धुळीने काळा. ती धूळ त्याच्या अंगावरून खाली पडत नव्हती, वर निंबाच्या पानांकडे निघाली होती, चुलीचा धूर जावा तशी. त्याला वाढत होती सोळा-सतरा वर्षांची पोरगी, ती म्हणजे सत्यभामाबाई. चंद्रकांता नर्सच्या पांढऱ्या लुगड्यात होती, आणि प्रफुल्ल आजच्यासारखाच, विरळ पांढऱ्या केसांचा, खिशाला पेन लावलेला. पोराच्या शेजारी बाप बसला होता आणि पोरगा बापापेक्षा दुप्पट वयाचा होता. त्याचं तिथे कोणाला काही वाटत नव्हतं. सगळे मुकाट्याने जेवत होते.

बाबुलाल जन्मभर खाणीत टेकूची लाकडं लावायचं काम केलेला माणूस. तो वाकून बोगदे पाहू लागला. टेकू बरोबर दाखवले म्हणाला, आणि स्वतःला शोधून काढून जरा हसला. चंद्रकांता म्हणाली की माझी कंबर एवढी बारीक कधीच नव्हती. हर्षाने विचारलं की मामंजींना तरुण केलं तर मग मलाही का नाही केलं. प्रफुल्ल मात्र वर्गात फळ्यावरची गणितं तपासावी तसा डावीकडून एकेक चेहरा पाहत येत होता. स्वतःच्या चेहऱ्यापर्यंत आला, पुढे सरकला, आणि थांबला.

त्याच्या उजव्या हाताला एक माणूस बसला होता. साठीचा, कानशिलावर पांढरा, टाळूवर विरळ झालेला, पोट किंचित सुटलेलं. नाक सत्यभामाबाईंचं. बाकी चेहरा प्रफुल्लचाच, पण तितका कडक नाही. तो प्रफुल्लच्या ताटातला कांदा उचलत होता आणि प्रफुल्ल त्याला उचलू देत होता.

“हा कोण होय?” प्रफुल्लने विचारलं.

बाबुलाल मागे सरला. चंद्रकांताने एकदा पाहिलं आणि खिडकीकडे तोंड केलं. मग खुर्चीतून सत्यभामाबाई म्हणाल्या, “पव्या होय.”

घरात ते नाव कोणी घेत नसे. घेऊ नये असं कोणी सांगितलं नव्हतं. पण नाव निघालं की प्रफुल्ल उठून बाहेर जायचा, एखादं काम काढायचा, आणि असं करता करता बाकीच्यांचीही जीभ वळली होती. पव्या म्हणजे प्रविण, प्रफुल्लचा दोन वर्षांनी धाकटा भाऊ. प्रफुल्ल भंडाऱ्याला मास्तरकीचं शिक्षण घेत होता त्या वर्षी प्रविणला कावीळ झाली. सत्यभामाबाई पोराला नदीपलीकडच्या एका गावी कावीळ उतरवणाऱ्याकडे घेऊन गेल्या. तो चुन्याच्या पाण्याने हात धुवायचा आणि पाणी पिवळं व्हायचं. अंगातली कावीळ उतरली म्हणून सगळे निर्धास्त होत. प्रविणचंही पाणी पिवळं झालं. माय-लेक खुशीने घरी आले, पुन्हा गेले, पुन्हा पाणी पिवळं झालं. प्रफुल्ल दिवाळीला घरी आला तेव्हा भाऊ त्याला ओळखत नव्हता. दवाखान्यात नेला, पण तोवर हातात काही राहिलं नव्हतं. प्रविण एकोणीस वर्षांचा होता.

प्रफुल्ल आईला त्यावर कधी एक शब्द बोलला नाही. बाहेरगावच्या शाळेत नोकरी लागली त्या वर्षी आंब्याच्या सालीचा रस हाताला लावून त्याने पोरांसमोर चुन्याच्या पाण्यात हात धुतले. पाणी पिवळं झालं. पोरं हसली. त्यात जादू काही नाही, साल आणि चुना एवढंच आहे, हे त्याने समजावलं आणि दुसऱ्या महिन्यात शेजारच्या गावातल्या शाळेत जाऊन तेच केलं. पुढे त्याच्यासारखे चारदोन मास्तर जमले. नारळातून निघणारे केस, जिभेवरचा जळता कापूर, अंगात येणं, सगळ्यांचं पितळ त्यांनी गावोगाव उघडं पाडलं. तुमसरपासून सिहोऱ्यापर्यंत लोक त्याला त्यासाठी ओळखत. आणि आता त्याच्याच घरात, त्याच्याच पोरीने मेलेल्या माणसाला म्हातारा करून पंगतीला बसवलं होतं.

तो ओरडला नाही. चित्र चांगलं काढलं, मेहनत दिसते, असं म्हणाला. फक्त हा माणूस यात राहणार नाही.

नेमकी त्याच वेळी सुलोचनाबाई पौर्णिमेच्या जेवणाचं विचारायला आली. ती महिला मंडळाची प्रमुख. दारातूनच तिची नजर चित्रावर गेली. चपला काढल्या, दोन पावलं आत आली, चित्राकडे पाहत राहिली. मग तिने दोन्ही हात जोडले, मान लववली आणि मी मागाहून येतो म्हणत निघून गेली.

प्रफुल्लला एवढंच पाहिजे होतं. त्याने तृप्तीकडे वळून विचारलं की पाह्यलं ना. अजून भिंतीवर गेलं नाही तर हात जोडणं सुरू झालं. उद्या कोणी फूल ठेवेल, परवा कोणी उदबत्ती लावेल. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या लोकांच्या विहारात आपण आपल्या हाताने भूत नेऊन टांगायचं का, असं त्याने शांतपणे विचारलं. तो शांतपणे बोलला की घरात जास्त भीती वाटायची.

जेवण झाल्यावर वाद निघालाच, आणि तो प्रफुल्लने मनात धरला होता तसा झाला नाही. त्याला वाटलं होतं, हर्षा नेहमीप्रमाणे त्याच्या बाजूने बोलेल आणि चंद्रकांता आईच्या बाजूने. झालं उलटं. चंद्रकांताने सरळ सांगितलं की भाऊ म्हणतात तसं करा, त्याला काढा, मला पाहवत नाही. विहाराशी, प्रतिज्ञांशी तिला काही देणंघेणं नव्हतं. प्रविणच्या शेवटच्या दिवसांत घरात त्याच्याजवळ तीच होती, चौदा वर्षांची. आणि हर्षा, जिने प्रविणला कधी पाहिलंच नव्हतं, ती म्हणाली की मी या घरात लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते, म्हणजे न बोललेलं ऐकते. एक दीर आहे हे मला शेजारणीकडून कळलं. आता तो डोळ्यांना दिसला तर तुम्ही पुसायला निघाले.

प्रफुल्लने पोरीला समोर बसवलं. हे कुठून काढलं, हे नागपुरात शिकवतात का, असं विचारलं.

तृप्ती बापासारखीच होती, चिडली की आवाज खाली जायचा. तिने सांगितलं की हो, शिकवतात. याला जादुई वास्तववाद म्हणतात. नाव आधी चित्रांना मिळालं, शंभर वर्षांपूर्वी जर्मनीत. गोष्टी-कादंबऱ्यांकडे ते नंतर गेलं आणि तिकडे जास्त वाढलं. यात सगळं खऱ्यासारखं असतं. घर, भांडी, माणसं, त्यांची कामं. फक्त एखादी गोष्ट अशी असते जी होऊ शकत नाही, आणि तीही त्याच कुंचल्याने, तितक्याच साधेपणाने काढायची. बादली जशी काढली तसंच आबांच्या अंगावरून वर जाणारी धूळ काढायची. तिला वेगळा उजेड द्यायचा नाही, तिच्यामागे तेज दाखवायचं नाही. पहिल्या वर्षी तिला हे समजलंच नव्हतं. मग वसतिगृहात एक अशी कादंबरी वाचताना तिच्या लक्षात आलं की आपली आजी तर रोज असंच बोलते. खाणीत मेलेला माणूस दुपारी जेवायला आला होता, हे ती डाळीत मीठ कमी आहे म्हणावं तशी सांगते.

“म्हणजे अंधश्रद्धाच,” प्रफुल्ल म्हणाला. “नाव फक्त परदेशातलं.”

“नाही बाबा. बुवाचा चमत्कार अन् हे एक नाही. बुवा म्हणते, पाहा माह्याकडे अन् हात जोडा. माह्या चित्रात काकाकडे कोणी पाहूनच नाही राहिलं. सगळे जेवून राहिले. त्याले कोणी देव नाही केलं, भूत नाही केलं. तो फक्त जेवाले बसला.”

“पण तो नाही बसला. हे खोटं होय ना?”

“तो नाही बसला हे खरं. पण त्याची जागा रोज तिथे असते हेपण खरं आहे. त्या जागेचा फोटो कसा काढू मी? ती अशीच काढता येते.”

मुद्दा प्रफुल्लला समजला होता. न समजायला तो काही आडमुठा नव्हता. मग त्याने विचारलं की मेलेलाच दाखवायचा होता तर एकोणीस वर्षांचा का नाही दाखवला. निदान खोटं तरी कमी झालं असतं.

“आजी सांगते तो एकोणीसचाच आहे,” तृप्ती म्हणाली. “पण तुम्ही सगळे म्हातारे झाले अन् तो एकटाच पोरगा राहून गेला. तुमच्या बाजूले तसा बसवला असता तर तुमचा नातू दिसला असता. मले काका पाहिजे होता.”

तरी प्रफुल्लचा निर्णय हलला नाही. तुला समजतं, मला समजतं, तो म्हणाला, पण ज्या बाईचं पोरगं गेलं आहे ती वाचनखोलीत येऊन हे पाहील तेव्हा तिला कोण समजावणार. आपण बुवाबाजी बंद केली ती अशाच बायांसाठी. सुलोचनाबाईसारखी शहाणी बाई हात जोडून गेली, ते आपण सगळ्यांनी पाहिलं.

तेव्हा हर्षाने मोबाइल उचलला. सुलोचनाबाईलाच विचारू म्हणाली आणि फोन सगळ्यांना ऐकू येईल असा करून मध्ये ठेवला. इकडचंतिकडचं न करता तिने विचारलं की ताई, तुम्ही मघाशी हात कायले जोडले.

“म्हणजे?” पलीकडून आवाज आला. “सुखरामभाऊ समोर बसले होते, जयभीम नको करू काय? आयुष्यभर केला. ते जेवून रायले होते म्हणून बोललो नाही जास्त.” आणि जरा थांबून, “बाजूले प्रविण होता ना? बराच म्हातारा झाला.”

बाबुलालने तोंडावर हात ठेवला. हर्षाने बरं म्हणून फोन बंद केला. सुलोचनाबाईच्या बोलण्यात देवभक्तीचा लवलेश नव्हता, हे ज्याला त्याला कळलं. प्रफुल्लला आणखी एक गोष्ट कळली आणि ती जास्त लागली. त्याच्या भावाला या वस्तीत इतर माणसंही ओळखत होती, आणि आपण नाव मिटवलं तरी त्यांनी ते मिटवलेलं नव्हतं. इतकी वर्षं भाऊ आपलाच एकट्याचा गेला, असं तो धरून चालला होता.

तरीही तो म्हणाला की नको. आता त्याच्या आवाजात आधीचं बळ नव्हतं, हट्ट तेवढा होता. वाचनखोलीत विज्ञानाची पुस्तकं राहतील, तिथे हे नको. तृप्तीने ते ऐकून घेतलं. मग ती आत गेली, रंगाची नळी, तेलाची बाटली आणि चिंधी घेऊन आली आणि चित्रासमोर बसली. समितीचं चित्र आहे, अध्यक्ष म्हणतात तर काढते, ती म्हणाली. फक्त तिथे काय रंगवायचं ते सांगा. पंगतीत खिंड पडेल.

“माणसं सरकव जवळ जवळ,” प्रफुल्ल म्हणाला.

“काढायचा तर काढा,” सत्यभामाबाई म्हणाल्या. “पण मले अगोदर जवळ नेऊन बसवा. एवढ्या दुरून मले त्याचं नाकच दिसते.”

चंद्रकांता आणि तृप्तीने खुर्ची उचलून चित्राजवळ नेली. म्हातारीने चष्मा लुगड्याच्या काठाने पुसला, पुन्हा लावला, आणि बराच वेळ पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणीबिणी काही आलं नाही. बाजारात कापड पाहावं तसं त्या पाहत होत्या. मग मान न वळवता म्हणाल्या, “प्रफुल्ल, तू शाळाइनी ते चुन्याचं पाणी दाखवत होता, मले ठाव हाय. सिहोऱ्याहून आलेल्या एका माहेरवाशिणीनं सांगितलं होतं, लय वर्षं झाली. मी तुले कधी म्हटलं नाही.”

प्रफुल्ल उंबऱ्याजवळ उभा होता. बाहेर जायला त्याने एक पाय टाकलाही होता. तो पाय त्याने मागे घेतला. त्याला वाटलं होतं की आईला ते माहीत नाही. आईला माहीत असू नये म्हणूनच तो चिखल्याच्या शाळेत तो प्रयोग कधी करत नसे.

“तुले दाखवाले नव्हतो करत, माय,” तो म्हणाला. “दुसऱ्या मायाइनले दाखवत होतो.”

“ते समजते मले,” त्या म्हणाल्या. “बरं केलं. मले तवा कोणी दाखवलं असतं त मी कायले गेलो असतो तिथे?”

एवढंच बोलणं झालं. चाळीस वर्षं जे दोघांच्या मध्ये होतं ते एवढ्यात संपतं असं नाही, पण ते निदान बोललं गेलं. चंद्रकांता खुर्चीचा पाठीमागचा दांडा धरून उभी होती, तिने तो सोडला नाही.

मग सत्यभामाबाईंनी चित्रावर बोट ठेवलं. हे चुकलं आहे, त्या तृप्तीला म्हणाल्या. पव्याच्या डोक्याचे केस असे गेले नसते. टक्कल प्रफुल्लला, ते माझ्या माहेरचं. पव्याचे केस बापावर गेले होते, आणि तुझ्या आबाच्या डोक्यात मरेपर्यंत कंगवा अडकायचा. तृप्तीने चिंधी खाली ठेवली आणि पेन्सिल घेतली. पोट असतं का, तिने विचारलं. पोट असतं, सत्यभामाबाई म्हणाल्या, तो खाऊ होता. यावर चंद्रकांताने मान हलवली. तो खाणीत कामाला लागला असता, आणि खाणीतल्या माणसाला पोट कुठलं, असं तिचं म्हणणं पडलं. जरा वेळापूर्वी हिलाच तो पाहवत नव्हता. बाबुलाल म्हणाला की खाणीत लागला असता तर माझ्याच टोळीत आला असता, मी सोडलं नसतं, पण तो ड्रायव्हर झाला असता. त्याला ट्रकचं वेड होतं. खाणीवरचे ट्रक आवाजावरून ओळखायचा. हे हर्षाला नवीन होतं. तिने विचारलं की मग लग्न कोणाशी केलं असतं. त्यावर चंद्रकांताने बाबुलालकडे पाहिलं आणि सानगडीच्या एका पोरीचं नाव घेतलं, जी आता तीन नातवंडांची आजी होती. सत्यभामाबाई म्हणाल्या की मला हे कधी कोणी सांगितलं नाही. चंद्रकांता म्हणाली, कोणाला सांगू, इथे बोलायची सोय होती का.

प्रफुल्ल ऐकत होता. ही माणसं एका नसलेल्या माणसाची नोकरी, बायको, पोट आणि केस ठरवत होती आणि त्यात कोणी रडत नव्हतं. तृप्ती ऐकता ऐकता चित्रावर बारीक रेघा ओढत होती. टाळू भरून आली, पोट आत गेलं, उजव्या हाताला ट्रकच्या खिडकीवर टेकून टेकून रापलेला कोपर आला. एकेका रेघेने तो माणूस प्रफुल्लपासून वेगळा होत गेला आणि ओळखीचा वाटू लागला. तेव्हा मात्र प्रफुल्लला एक गोष्ट खटकली. बाकीच्यांच्या ती लक्षात येईल, याची तो वाट पाहत राहिला. चुकीचं उत्तर फळ्यावर तसंच सोडून वर्गाबाहेर जाणं त्याला कधी जमलं नव्हतं.

“तो मांडी घालून नाही बसणार,” तो म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

“मोहाच्या झाडावरून पडला होता तो, सहावीत. डावा गुडघा पुरा वाकतच नव्हता त्याचा. पंगतीत तो डावा पाय लांब सोडून बसे. लोकं ओलांडून जात, अन् माय रागवे त्याले.” त्याने चित्राकडे बोट केलं. “तू मांडी दाखवली. हा कोणी दुसराच माणूस होय मग.”

सत्यभामाबाई म्हणाल्या की खरं आहे, मी कशी विसरली. तृप्तीने बापाकडे पाहिलं. ती विचारू की नको या विचारात असावी. मग ती म्हणाली की लांब सोडलेला पाय मला मनाने नाही काढता येणार. गुडघा कुठे येतो, पाऊल कसं पडतं, ते समोर पाहिजे. कोणी बसेल का.

प्रफुल्लने चप्पल काढली. त्याने एक अट घातली. ती समितीची नव्हती, त्याची स्वतःची होती. चित्राखाली पाटी लागेल आणि तिच्यावर कोण केव्हा जन्मला, केव्हा गेला आणि कशाने गेला ते स्पष्ट लिहिलेलं राहील. प्रविणचंही. कावीळ, आणि वेळेवर दवाखान्यात नेलं नाही, असं. वर चित्रात काहीही असो, खाली वाचणाऱ्याला खरं कळलं पाहिजे. त्याने आईकडे पाहिलं. सत्यभामाबाईंनी मान हलवली, लिव म्हणाल्या. तृप्तीही हो म्हणाली. समितीला मीच सांगतो, तो म्हणाला, कोणी हरकत घेतली तर उत्तरही मीच देतो.

अंगणात निंबाची सावली होती. हर्षाने चटई टाकली. प्रफुल्ल भिंतीकडे पाठ करून बसला, उजवा पाय दुमडला, डावा लांब सोडला. साठी ओलांडलेल्या अंगाला ते बसणं बरं वाटलं, असंही त्याच्या लक्षात आलं. तृप्ती समोर पाट घेऊन कागदावर पाय काढू लागली. सत्यभामाबाईंची खुर्ची दारात आणून ठेवली होती. त्यांनी तिथून सांगितलं की पाऊल बाहेरच्या बाजूला कललेलं राही. प्रफुल्लने पाऊल बाहेर कलवलं. चंद्रकांताला ते पुरेसं वाटलं नाही. तिने येऊन त्याचा पाय दोन्ही हातांनी धरला आणि आणखी थोडा फिरवला, आणि फिरवून झाल्यावरही जरा वेळ तशीच धरून बसली.

तृप्ती म्हणाली की नुसतं बसून खांदे ताठ होतात, जेवणाऱ्या माणसाचे खांदे पाहिजेत. हर्षा आत गेली आणि ताट करून आणलं. दुपारचाच भात, डाळ आणि कांदा. प्रफुल्लचं पोट भरलेलं होतं, पण त्याने घास घेतला. पोरगी खाली मान घालून काढत होती, तो जेवत होता, बाबुलाल खाटेवर आडवा झाला होता. पाय ओलांडून हर्षा एकदा इकडून तिकडे गेली. प्रफुल्लने पाय मागे घेतला नाही.

ताटातला भात संपत आला तेव्हा दारातून सत्यभामाबाई म्हणाल्या, “त्याले भात वाढ अजून.”

कोणाला, ते हर्षाने विचारलं नाही. तिने वाढला.